ठाणे ते नागपूर: विमान दीड तासाचं, प्रवास किती तासांचा?

माझी ताई नागपूरला धंतोलीत राहते आणि आम्ही ठाण्याला पाचपाखाडीत. वर्षातून तीन-चार फेऱ्या होतातच. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये भाऊजींची बायपास ठरली. आदल्या संध्याकाळी ६:४० च्या विमानाने आई आणि मी निघणार होतो. मी हिशेब केला तो असा: विमानतळ बावीस-तेवीस किलोमीटर, म्हणजे पाऊण तास, चार वाजता निघालं तरी भरपूर वेळ. कांजूरमार्गला गांधीनगरच्या सिग्नलपाशी गाडी अडकली ती अडकलीच. काचेवरून पाऊस ओघळतोय, पुढच्या बसचे लाल दिवे हलत नाहीत, आणि आई मांडीवर सांज्याच्या पोळ्यांचा स्टीलचा डबा घट्ट धरून दर दोन मिनिटांनी विचारतेय, "पोचू ना रे?" चेक-इनच्या खिडकीपाशी पोचलो तेव्हा ५:५२ झाले होते. खिडकी ५:४० ला बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने गेलो, पण तोवर भाऊजींना आत नेलं होतं. आईला त्यांना आधी भेटायचं होतं. ते राहिलंच.

तेव्हापासून मी प्रवासाचा हिशेब वहीत मांडून करतो. सोसायटीतले लोक आता मला विचारायला येतात, म्हणून पद्धत सविस्तर लिहून ठेवतोय. उदाहरण ठाणे-नागपूरचं आहे, पण कुठल्याही दोन शहरांना ती लागू पडते.

१. आधी कुठलं अंतर हवंय ते ठरवा

दोन शहरांमधलं अंतर म्हणून चार वेगवेगळे आकडे समोर येतात आणि चारही बरोबर असतात. मुंबई-नागपूर हवाई अंतर सुमारे ६८२ किलोमीटर. सीएसएमटीपासून नागपूरपर्यंत रेल्वेने ८३७ किलोमीटर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, पण तो सुरू होतो भिवंडीजवळच्या आमण्याला आणि संपतो नागपूरच्या वेशीवर, तेव्हा दोन्हीकडचा शहरातला रस्ता त्यात धरावा लागतो. चौथा आकडा विमान प्रत्यक्ष कापतं त्या वाटेचा. तो ६८२ पेक्षा नेहमी थोडा जास्त भरतो. कारण पुढे येईलच.

गाडीच्या डिझेलसाठी पहिला आकडा धरला किंवा विमानाच्या वेळेसाठी दुसरा, तर हिशेब पार बिघडतो. "नागपूर आठशे किलोमीटर" हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, कशाने?

२. हवाई अंतर स्वतः काढा

मोबाइलच्या नकाशात एका जागी बोट दाबून धरलं की अंतर मोजायची सोय मिळते, ती वापरा. पण एकदा तरी कागदावर काढून बघा, मुलांना सोबत घेऊन. शाळेतलं पायथागोरस इथे खरंच कामाला येतं.

मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर अक्षांश, ७२.८७ पूर्व रेखांशावर आहे. नागपूर विमानतळ २१.०९ आणि ७९.०५ वर. म्हणजे अक्षांशात फरक २.०० अंशांचा, रेखांशात ६.१८ अंशांचा.

एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणून उत्तरेकडे २ × १११ = २२२ किलोमीटर.

रेखांशांचं तसं नाही. विषुववृत्तावर दोन रेखांशांत १११ किलोमीटर अंतर असतं आणि ध्रुवाकडे जावं तसं ते आवळत जातं. म्हणून दोन्ही शहरांच्या मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. इथे मधला अक्षांश साधारण २०, त्याचा कोसाइन ०.९४. म्हणून पूर्वेकडे ६.१८ × १११ × ०.९४ = ६४५ किलोमीटर.

आता दोन्हींचे वर्ग: २२२ चा ४९,२८४ आणि ६४५ चा ४,१६,०२५. बेरीज ४,६५,३०९. वर्गमूळ ६८२. झालं अंतर.

देशातल्या देशात ही रीत पुरते. लंडन-न्यूयॉर्कसारख्या लांबच्या अंतराला मात्र ती वापरू नका, कारण तिथे पृथ्वीची गोलाई हिशेबात घ्यावीच लागते. गोलावर दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट सपाट नकाशावर धनुष्यासारखी वाकलेली दिसते. विमानातल्या पडद्यावर ती वाकडी रेघ बघून पुष्कळांना वाटतं की विमान उगाच वळसा घेतंय. खरं तर तीच जवळची वाट असते.

वैमानिकांच्या बोलण्यात नॉटिकल मैल येतो. तो १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. त्या हिशेबाने नागपूर ३६८ नॉटिकल मैल.

३. अंतरावरून विमानाचा वेळ

जेट विमान वर स्थिरावलं की ताशी ८०० ते ८५० किलोमीटरने जातं. पण सुटण्याआधी ते धावपट्टीपर्यंत रांगत जातं, चढताना वेग कमी असतो, उतरताना तर फारच कमी, आणि उतरल्यावर पुन्हा जागेवर येऊन थांबायचं असतं. माझं सूत्र सोपं आहे: अंतर भागिले ८००, अधिक ३५ मिनिटं.

नागपूर: ६८२ ÷ ८०० म्हणजे ५१ मिनिटं, अधिक ३५, एकूण ८६ मिनिटं. दिल्ली: हवाई अंतर सुमारे १,१३७ किलोमीटर, म्हणजे ८५ मिनिटं अधिक ३५, दोन तास.

तिकीट बघितलंत तर नागपूरला दीड तास किंवा थोडा जास्त आणि दिल्लीला सव्वादोन तासांच्या आसपास वेळ दिसेल. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं इथपासून तिकडे जागेवर थांबलं इथपर्यंतचा असतो, आणि गर्दीच्या विमानतळांसाठी कंपन्या त्यात थोडी सूट धरून ठेवतात. मुंबईला ती धरावीच लागते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी वाहतूक चालवता येत नाही. एका वेळी कामाची धावपट्टी एकच. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत सुटणारी विमानं रांगेत उभी असतात आणि येणारी आकाशात घिरट्या घालत असतात. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा डागडुजीसाठी दोन्ही धावपट्ट्या दिवसभरात साधारण सहा तास बंद ठेवतात. ती तारीख आधी जाहीर होते. मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचं तिकीट काढताना तेवढी बघून घ्या.

आता तो चौथा आकडा. नागपूर पूर्वेला आहे, पण मुंबईहून विमान बहुतेक वेळा पश्चिमेकडे तोंड करून सुटतं, जुहूवरून समुद्रावर जातं आणि मग वळतं. विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून उडवतात आणि मुंबईला वारा बहुधा समुद्राकडून येतो. पुढे आखलेले हवाई मार्ग, लष्करी हद्दी, ढगांचे डोंगर या सगळ्यांना टाळत जायचं असतं. उतरतानाही ठरलेल्या वाटेनेच रांगेत यावं लागतं. म्हणून ६८२ चे सातशे-सव्वासातशे झाले तरी नवल नाही. ३५ मिनिटांत ते साधारण सामावतं.

४. वारा आणि घड्याळ

थंडीत उत्तर भारतावर फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्यामुळे दिल्लीहून कोलकात्याला जाताना विमान लवकर पोचतं आणि परतीला जास्त वेळ घेतं. पावसाळ्यात दक्षिण भारतावर उंचावरचा वारा उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे असतो. मुंबई-नागपूरसारख्या छोट्या टप्प्यात हा फरक पाच-दहा मिनिटांपलीकडे जात नाही, पण युरोपच्या प्रवासात तो जाणवण्याइतका असतो.

परदेशी जाताना त्याहून मोठी चूक घड्याळाची होते. दुबईचंच बघा. हवाई अंतर सुमारे १,९२५ किलोमीटर. सूत्राने तीन तास, तिकिटाने साधारण सव्वातीन. पण सकाळी १० ला सुटलेलं विमान तिकिटावर पावणेबाराला पोचताना दिसतं, कारण तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात. वजाबाकी करून "पावणेदोन तासांत दुबई" म्हणू नका, मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर घेणाऱ्या माणसाला तर मुळीच नको.

शिवाय आकाशालाही सरहद्दी असतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांना मोठा वळसा पडू लागला. शहरं होती तिथेच होती, वेळ मात्र वाढला. म्हणून जुन्या आठवणीवर जाऊ नका, सध्याचा वेळ बघा. फ्लाइटरडार२४ सारख्या अ‍ॅपवर विमानाचा क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांत ते खरोखर कधी सुटलं आणि कधी उतरलं ते दिसतं. तिकीट काढण्याआधी मी तिथे डोकावतोच. रोज चाळीस मिनिटं उशिरा सुटणारं संध्याकाळचं विमान आपल्यासाठी वेगळं काही करणार नाही.

५. कुठला विमानतळ?

ठाणे-नवी मुंबईकरांसाठी हा प्रश्न नवा आहे आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. आता तिकिटाच्या अ‍ॅपवर "मुंबई" टाकलं की दोन्ही विमानतळांची विमानं एकाच यादीत येऊ शकतात. मुंबईचा संकेत बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. पैसे भरण्याआधी ती तीन अक्षरं मोठ्याने वाचा. जाताना एक आणि येताना दुसरा विमानतळ असंही होऊ शकतं, आणि गाडी पार्किंगला लावून जाणाऱ्याची त्यात पुरती अडचण होते.

हवेतल्या अंतरावरून विमानतळ निवडू नका. नवी मुंबईहून नागपूर सरळ रेषेत सुमारे ६६६ किलोमीटर, म्हणजे १६ किलोमीटर कमी. आकाशात तो फरक जेमतेम सव्वा मिनिटाचा. जमिनीवर मात्र चुकीचा विमानतळ निवडला तर तास-दीड तास सहज जातो.

पाचपाखाडी, नौपाडा, वागळे इस्टेट इथून मुंबई विमानतळ अजूनही जवळचा: पूर्व द्रुतगती मार्गाने कांजूरमार्ग, तिथून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता, पवई, मरोळ. पहाटे साडेचारला पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात, संध्याकाळी पाचला पावणेदोन तास. माझ्या वहीतली सगळ्यात वाईट नोंद दोन तास दहा मिनिटांची आहे. घोडबंदर रोडला, म्हणजे मानपाडा-कासारवडवलीकडे राहणाऱ्यांनी माजिवड्यापर्यंतचा वेळ वेगळा धरावा. तो टप्पाच कधी कधी अर्धा तास खातो.

ऐरोली आणि घणसोलीचे लोक बरोबर मध्यावर आहेत. त्यांनी वेळ बघून ठरवावं: पहाटेचं विमान असेल तर ऐरोली पुलावरून मुंबई चालेल, संध्याकाळचं असेल तर ठाणे-बेलापूर रस्त्याने नवी मुंबई. कोपरखैरणे, वाशी, नेरुळ, बेलापूर, खारघर, पनवेलकरांनी जिथे जायचंय तिथे नवी मुंबईहून विमान असेल तर विचारच करू नये. ठाणे शहरातून नवी मुंबई विमानतळ रस्त्याने ३५ ते ४० किलोमीटर पडतो. अंतर जास्त असलं तरी ऐन गर्दीच्या वेळी पवईच्या वाटेपेक्षा तो वेळ भरवशाचा वाटतो, हे माझं मत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरही कोंडी होते, पण मला तिथे कधी तासभर गाडी बंद करून बसावं लागलेलं नाही.

मुंबई ठरली तर टर्मिनल बघा. एकाच कंपनीची काही विमानं टर्मिनल एकवरून, काही दोनवरून सुटतात. एक सांताक्रूझच्या बाजूला, दुसरं सहारला.

६. रस्त्याला पर्याय ठेवा

त्या ऑगस्टनंतर मी संध्याकाळच्या विमानाला सहसा गाडीने जात नाही. ठाण्याहून धीम्या किंवा जलद लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे खाली उतरून मेट्रो ३ पकडायची आणि पुढचंच स्टेशन टर्मिनल दोनचं. टर्मिनल एकला जायचं तर त्याच मेट्रोने पुढे, तिसरं स्टेशन. घरापासून टर्मिनलच्या दारापर्यंत मला दीड तासाच्या आत-बाहेर लागतो, पाऊस असो नसो. लोकल बंद पडण्याइतका पाऊस झाला तर गोष्ट वेगळी, पण त्या दिवशी रस्ताही चालू नसतो.

सात किलोची एक बॅग पाठीवर असेल तर हा मार्ग उत्तम. दोन मोठ्या बॅगा आणि गुडघे दुखणारी आई असेल तर घाटकोपरच्या पुलावरची संध्याकाळची गर्दी झेपणार नाही. तेव्हा टॅक्सीच करा, आणि भरपूर वेळ हाताशी ठेवून निघा. आई सोबत असली की मी आता पहाटेचंच विमान काढतो. चारशे-पाचशे रुपये जास्त पडले तरी चालतात.

७. उलटं मोजा

हिशेब निघण्यापासून पुढे मांडायचा नाही, विमान सुटण्यापासून मागे मांडायचा. देशांतर्गत विमानाचं चेक-इन साधारण एक तास आधी बंद होतं, गेट २५ मिनिटं आधी. कंपनीची नेमकी वेळ तिकिटावर असते, ती बघा. मी दोन तास आधी दारात असतो, परदेशी विमानाला तीन तास. बॅग जमा करायची नसेल आणि वेब चेक-इन झालं असेल तर दीड तास पुरतो.

वहीतली सकाळची नोंद अशी: विमान ८:००. दारात ५:४५. घरातून ५:००. नागपूरला जागेवर ९:३५. पट्ट्यावरून बॅग घेऊन बाहेर १०:००. धंतोलीला ताईच्या दारात १०:२५. घर ते घर पाच तास पंचवीस मिनिटं.

संध्याकाळची: विमान ७:००. घरातून ३:१५. दारात ५:००. नागपूर ८:३५. ताईकडे ९:२५. सहा तास दहा मिनिटं, आणि हे सगळं वेळेवर झालं तर. ज्या प्रवासाला आपण "दीड तासाचा" म्हणतो त्यातला पाऊण हिस्सा जमिनीवर जातो.

८. मग विमानच कशाला?

हा प्रश्न विचारून बघाच. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि ठाणेकराचं गणित बदललं. आमणे ठाण्याहून सुमारे तीस किलोमीटर. माजिवडा, मानकोली, रांजणोली नाका या पट्ट्यात ट्रकांच्या गर्दीत एक तास धरा. पुढे कसाऱ्याच्या डोंगरातला जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा ओलांडला की रस्ता मोकळा. मोटारींना कमाल वेग १२० चा आहे, पण सरासरी १०० धरा. सात तास, दोन थांब्यांचा एक तास, आणि नागपुरात शिरायला पाऊण तास. एकूण पावणेदहा तास. चौघं असाल तर खर्चाला परवडतं. पण एकट्याने सलग चालवू नका. सरळसोट रस्त्यावर डोळ्यांवर झापड येते, आणि टायर जुने असतील तर त्या वेगाला ते धोक्याचे. निघण्याआधी टायर आणि हवा तपासल्याशिवाय मी त्या रस्त्यावर गाडी घालत नाही. दुचाकींना तिथे मनाईच आहे.

आणि रात्रीची गाडी. विदर्भ एक्सप्रेस ठाण्याला थांबते. संध्याकाळी बसायचं, सकाळी नागपूर. घड्याळाने तेरा-चौदा तास होतात, पण त्यातले आठ झोपेचे, आणि स्टेशन घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. दिवस वाया जात नाही. तिकीट आधी मिळालं तर आईची पहिली पसंती तीच असते. माझ्या लेखी विमान कामाचं ते घाईच्या वेळी, आजारपणात किंवा एका दिवसाच्या कामाला. आठवडाभर राहायला जायचं असेल तर रात्रीची गाडी.

९. परतीचा हिशेब वेगळा

सगळे जाण्याचा विचार करतात आणि येताना फसतात. रात्री ११:३० ला मुंबईत उतरणारं विमान स्वस्त दिसतं. ते अर्धा तास उशिरा आलं, बॅगेला वीस मिनिटं गेली, की मेट्रो बंद झालेली असते आणि घाटकोपरला पोचेपर्यंत शेवटची लोकलही हातची जाते. मग टॅक्सी जे मागेल ते द्यायचं किंवा पहाटेपर्यंत खुर्चीत बसायचं. बायका-मुलं एकटी येणार असतील तर संध्याकाळी आठच्या आत उतरणारं विमान घ्या. नवी मुंबईला उतरत असाल तर उलव्याहून ठाण्यापर्यंतची गाडी नागपूरहून निघतानाच ठरवून ठेवा.

घरी पोचलं की झोपण्याआधी वहीत तीन वेळा लिहा: विमान जागेवर कधी थांबलं, तुम्ही बाहेर कधी पडलात, घराचं कुलूप कधी उघडलं. महिना, वार आणि पाऊस होता का तेही लिहा. चार फेऱ्यांनंतर तुमच्या गल्लीपासूनचा जो आकडा हाती येईल, तो कुठलंही अ‍ॅप तुम्हाला देणार नाही. माझ्या वहीचं पहिलं पान ५:५२ चं आहे.